कर्नल लॉक-फ्री करण्याआधी इंटरप्टची उतरंड मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरवर १६८ मेगाहर्ट्झला चालणारा स्वतः लिहिलेला छोटा रिअल-टाइम कर्नल आहे. रांगा, सेमाफोर, टायमर या सगळ्यांचं रक्षण सरसकट इंटरप्ट बंद करून केलं जातं आणि त्यातलं सगळ्यात लांब क्रिटिकल सेक्शन (मध्ये कुणी घुसू नये असा कोडचा तुकडा) ८ मायक्रोसेकंदांचं आहे. त्यामुळे दर ५० मायक्रोसेकंदांनी येणारा मोटर-कंट्रोलचा इंटरप्ट कधी वेळेवर सुरू होतो, कधी रेंगाळतो. टीममध्ये सूचना आली आहे की पूर्ण कर्नलच लॉक-फ्री, म्हणजे कुणालाही लॉकवर थांबायला न लावणारा, करून टाकावा. पुढच्या बोर्डावर दोन कोअर असणार आहेत, त्याचीही सोय आत्ताच होऊन जाईल. करावं का?

पूर्ण कर्नल करू नका. मोजक्या जागी जरूर करा. आणि जिटरचं, म्हणजे वेळेच्या या चढउताराचं, दुखणं तर एकही अ‍ॅटॉमिक (मध्येच न तुटणारी) सूचना न वापरता बरं होतं, म्हणून आधी तेच.

सरसकट इंटरप्ट बंद करता तेव्हा तुम्ही प्रायमास्क हे सगळे इंटरप्ट रोखणारं रजिस्टर वापरताय. एम३ आणि एम४ मध्ये बेसप्राय नावाचं आणखी एक रजिस्टर आहे. त्यात एक पातळी लिहिली की ती पातळी आणि तिच्याखालचे इंटरप्ट थांबतात, वरचे मात्र चालू राहतात. फ्रीआरटॉस या रिअल-टाइम कर्नलचं क्रिटिकल सेक्शन या प्रोसेसरवर असंच चालतं. मोटरचा इंटरप्ट त्या पातळीच्या वर ठेवा, म्हणजे कर्नलचं क्रिटिकल सेक्शन ८ मायक्रोसेकंदांचं असो की ८० चं, मोटरला त्याचं काही देणंघेणं राहणार नाही. मग उरते हार्डवेअरची स्वतःची दिरंगाई: मेमरीला वेट-स्टेट नसतील तर १२ सायकल, म्हणजे साधारण ०.०७ मायक्रोसेकंद. (कॉर्टेक्समध्ये प्रायॉरिटीचा आकडा जितका लहान तितका इंटरप्ट वरचा. हे माहीत असूनही माणसं उलटं लिहितात, तेव्हा एकदा तपासून घ्या.)

याची किंमत एकच, पण ठसठशीत आहे. त्या पातळीच्या वरच्या इंटरप्टमधून कर्नलचं एकही फंक्शन बोलवायचं नाही. सेमाफोर द्यायचा नाही, रांगेत टाकायचं नाही. कारण कर्नल रेडी-लिस्टची (चालायला तयार टास्कच्या यादीची) जुळवाजुळव अर्ध्यात करत असताना हा इंटरप्ट मध्येच येऊ शकतो. तो कुठल्याही लॉकवर थांबूही शकत नाही: लॉक ज्या टास्कने धरलाय तो टास्क याच इंटरप्टखाली अडकलेला असतो, त्यामुळे एका कोअरवर हे थांबणं कधी संपायचंच नाही. इथे लॉक-फ्री ही निवड उरत नाही, गरज होते. लिनक्सने ५.१० आवृत्तीत प्रिंटके या संदेश छापणाऱ्या फंक्शनचा बफर लॉकलेस केला त्यामागेही हेच कारण होतं. प्रिंटके कुठूनही बोलावला जातो, अगदी मास्क न करता येणाऱ्या इंटरप्टमधूनही, आणि तिथे लॉक धरणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

मोटरच्या इंटरप्टमधून टास्ककडे डेटा नेण्यासाठी साधा रिंग बफर घ्या, एक लिहिणारा आणि एक वाचणारा. हेड (पुढे लिहायची जागा) फक्त लिहिणाऱ्याने बदलायचं, टेल (पुढे वाचायची जागा) फक्त वाचणाऱ्याने. दोन्ही ३२ बिटांचे बिनचिन्ही आकडे, मोकळेपणी वाढत जाणारे. बफरची लांबी दोनाच्या घातात, म्हणजे जागा काढायला मास्क पुरतो आणि आकडा गुंडाळला गेला तरी हेड वजा टेल नेहमी बरोबर भरतं. लिहिणारा आधी डेटा लिहितो, मग रिलीज-स्टोअरने (आधीचं लेखन याच्या पलीकडे जाणार नाही अशा लेखनाने) हेड पुढे सरकवतो. वाचणारा अ‍ॅक्वायर-लोडने (पुढचं वाचन याच्या आधी होणार नाही अशा वाचनाने) हेड वाचतो, डेटा उचलतो, मग टेल सरकवतो. यात कम्पेअर-अँड-स्वॅप (‘किंमत अजून तीच असेल तरच बदल’ हे एकसंध पाऊल) कुठेच लागत नाही, म्हणून हे एम०+ वरही चालतं, जिथे एलडीरेक्स-एसटीरेक्स (वाचा, आणि मध्ये कुणी आलं नसेल तरच लिहा) ही जोडीच नाही. पुन्हा प्रयत्न करण्याचं वळणही यात नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचं काम ठरलेल्या पावलांत संपतं. लिनक्सचा केफिफो आणि फ्रीआरटॉसचे स्ट्रीम बफर याच गृहीतकावर उभे आहेत: लिहिणारा एक, वाचणारा एक.

व्होलाटाइल (‘दर वेळी मेमरीतच वाच-लिही’ असं कम्पायलरला सांगणारा सीमधला शब्द) लावून काम भागवू नका. एका कोअरवर टास्क आणि इंटरप्ट यांच्यात हार्डवेअर क्रम बिघडवत नाही, पण कम्पायलर बिघडवतो. हेड व्होलाटाइल असलं आणि डेटाचा अ‍ॅरे साधा असला, तर डेटाचं लेखन हेडच्या पलीकडे ढकलायला कम्पायलर मोकळा असतो. सी११ चे अ‍ॅटॉमिक वापरा. पुढे दुसरा कोअर आला तर हाच कोड लागेल ते बॅरिअर आपोआप घालेल.

बफर भरला तर काय, हे आधीच ठरवा. नवीन नमुना टाकून देणं आणि गळतीचा आकडा वाढवणं, हे सरळ. ‘जुना पुसून नवा ठेवू’ हे ऐकायला छान वाटतं, पण त्यासाठी लिहिणाऱ्याला टेल हलवावं लागतं, आणि त्या क्षणी टेलला दोन मालक होतात. वरचा सगळा युक्तिवाद तिथेच कोसळतो.

टास्कला जागं कसं करायचं? एनव्हीआयसी या इंटरप्ट-नियंत्रकामधला एखादा न वापरलेला इंटरप्ट घ्या, त्याला बेसप्रायच्या पातळीखाली ठेवा आणि मोटरच्या इंटरप्टमधून त्याचा पेंडिंग बिट लावा. ते रजिस्टर ‘एक लिहिलं की बिट लागतो’ अशा जातीचं आहे, वाचा-बदला-लिहा करावं लागत नाही, म्हणून तिथेही शर्यत नाही. खालचा इंटरप्ट सावकाश येऊन सेमाफोर देईल.

इथवर आलात की मूळ तक्रार संपली. आता राहिले बाकीचे प्रश्न, आणि तिथे लॉक-फ्री या नावाखाली नेमकं काय मिळतं ते बघायला हवं.

लॉक-फ्री म्हणजे भाग घेणाऱ्यांपैकी कुणाचं तरी काम पुढे सरकतंच, एवढंच आश्वासन. तुमचंच सरकेल असं नाही. प्रत्येकाचं काम ठरावीक पावलांत संपेलच, अशी हमी असेल तर तो वेट-फ्री. मॉरिस हर्लिही यांनी १९९१ मध्ये वेट-फ्रीचा पाया घातला, तेव्हापासून रिअल-टाइमवाल्यांची एक रास्त शंका आहे: कम्पेअर-अँड-स्वॅप फसला की पुन्हा, फसला की पुन्हा, असं वळण घेणाऱ्या कोडला डेडलाइनच्या हिशेबात बसवायचं कसं?

एका कोअरवर याचं उत्तर सुंदर आहे आणि ते पुरेसं माहीत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. तुमचा प्रयत्न फसायला मध्येच दुसऱ्या कुणीतरी त्याच शब्दात लिहावं लागतं. एका कोअरवर तसं लिहायला त्याला आधी तुम्हाला बाजूला सारावं लागतं, आणि स्थिर प्रायॉरिटीच्या व्यवस्थेत ते फक्त वरच्या प्रायॉरिटीचं काम करू शकतं. म्हणजे प्रत्येक फसलेला प्रयत्न एका प्रीएम्प्शनच्या (वरच्याने बाजूला सारण्याच्या) खात्यावर टाकता येतो. तीन पातळ्या एकात एक अडकल्या तरी हिशेब दुप्पट होत नाही: मधल्याचं फसणं वरच्याच्या नावावर, खालच्याचं फसणं मधल्याच्या नावावर. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जेम्स अँडरसन, श्रीकांत राममूर्ती आणि केव्हिन जेफे यांनी १९९५ च्या सुमारास हे मांडलं. प्रीएम्प्शन किती होतील हे तर रिस्पॉन्स-टाइमच्या गणितात आपण मोजतच असतो. त्या प्रत्येकाला वळणाच्या एका फेरीचा खर्च जोडला की झालं.

आकडे घालून बघा. आपल्या टास्कचं काम २००० मायक्रोसेकंदांचं. वर एक इंटरप्ट, दर १ मिलिसेकंदाला, २० मायक्रोसेकंदांचा. एक टास्क दर २ मिलिसेकंदांना, ३०० चा. आणखी एक दर ५ मिलिसेकंदांना, ८०० चा. रिस्पॉन्स-टाइमची नेहमीची पुनरावृत्ती केली, म्हणजे आलेलं उत्तर पुन्हा गणितात घालत गेलं, की उत्तर ३४८० मायक्रोसेकंदांवर स्थिरावतं. त्या काळात इंटरप्ट ४ वेळा, पहिला टास्क २ वेळा, दुसरा १ वेळा येतो, एकूण ७. म्हणजे जास्तीत जास्त ७ फेऱ्या वाया. एक फेरी ०.५ मायक्रोसेकंदाची धरली तर भर पडते ३.५ मायक्रोसेकंदांची. ३४८० चे ३४८३.५ झाले. हा आकडा सिद्ध करून ऑडिटरपुढे ठेवता येतो.

पण अटी वाचा. वळणाच्या मध्ये टास्कने झोपायचं नाही. राउंड-रॉबिनमध्ये समान प्रायॉरिटीचा शेजारी येत असेल, तर टाइम-स्लाइसनंतर येणारा प्रत्येक शेजारीही खात्यात धरायचा. आणि वळणातलं काम छोटं हवं. पंचवीस फील्डचं स्ट्रक्चर कॉपी करून, बदलून, पॉइंटर अदलाबदल करणारं वळण ५ मायक्रोसेकंदांचं झालं, तर तेवढ्यासाठी बेसप्राय उचलून ठेवणं स्वस्त पडतं. लॉक-फ्री म्हणजे वेगवान, ही समजूत सर्व्हरच्या जगातून आलेली आहे. आपल्याकडे प्रश्न सरासरीचा नसतो. वाईटात वाईट किती, आणि त्याचा भार कोण उचलतो, एवढाच असतो. लॉकमध्ये वरचा खालच्यासाठी थांबतो. लॉक-फ्रीमध्ये खालचा वरच्यासाठी काम पुन्हा करतो. प्रायॉरिटीच्या दृष्टीने दुसरी दिशा बरोबर आहे, आणि हाच खरा फायदा.

या वळणाची सर्वांत उपयोगी जागा म्हणजे ठरावीक मापाच्या मेमरी-ब्लॉकची मोकळी यादी. ट्रायबरचा स्टॅक, आयबीएमच्या १९८६ च्या अहवालातला. वरचा ब्लॉक बघा, त्याचा पुढचा बघा, आणि ‘वरचा अजून तोच असेल तर पुढचा वर आण’. इथे एबीए नावाची खोच आहे. तुम्ही अ आणि त्याच्यामागचा ब बघितलात. तेवढ्यात वरच्या टास्कने अ काढला, ब काढला आणि अ परत ठेवला. तुमची तुलना यशस्वी होते, आणि वापरात असलेला ब तुम्ही यादीच्या माथ्यावर आणून ठेवता.

‘एआरएममध्ये एलडीरेक्स-एसटीरेक्स आहे, त्याला एबीए लागत नाही’ असं ठासून सांगणारे भेटतात. अर्धं खरं. कॉर्टेक्स-एम मध्ये एक्सेप्शन आत येताना आणि बाहेर जाताना लोकल मॉनिटर (एलडीरेक्सची नोंद ठेवणारा भाग) आपोआप मोकळा होतो, म्हणून मध्ये इंटरप्ट आला की एसटीरेक्स फसतोच. पण तुम्ही सी११ चं कम्पेअर-एक्स्चेंज वापरलंत, तर माथा आणि पुढचा ब्लॉक तुम्ही आधीच, त्या जोडीच्या बाहेर, साध्या लोडने वाचलेला असतो. जोडी सुरू होते ती शेवटच्या तुलनेसाठी. एबीए मागच्या दाराने परत आत. उपाय दोन. माथ्याचा एलडीरेक्स, पुढच्याचं वाचन आणि एसटीरेक्स हे तिन्ही सलग असेंब्लीत लिहा. एका कोअरच्या एम४ वर हे चालतं. किंवा पॉइंटर सोडून ब्लॉकचा क्रमांक वापरा: ३२ बिटांत १६ क्रमांकाचे, १६ गणतीचे, आणि प्रत्येक बदलाला गणती एकने वाढवा. मला दुसरा जास्त आवडतो, कारण तो सीमध्ये राहतो. गणती ६५,५३६ नंतर गुंडाळली जाते हे खरं, पण वरच्या उदाहरणासारखा हिशेब हाताशी असेल तर एका वळणाच्या काळात एवढे बदल होऊच शकत नाहीत, हे दाखवता येतं. सर्व्हरवाल्यांना ही चैन नसते.

हॅझर्ड पॉइंटर, आरसीयू वगैरे मेमरी सुरक्षितपणे मोकळी करायच्या तंत्रांची भीती बाळगू नका. बहुतेक छोट्या कर्नलांना त्यांची गरज नाही. ब्लॉक स्थिर पूलमधले असतात, हीपला परत जात नाहीत, त्यामुळे नुकत्याच निसटलेल्या ब्लॉकचं ‘पुढचा’ फील्ड वाचलं तरी मेमरी-फॉल्ट होत नाही. जुना आकडा मिळतो आणि तुलना फसते.

आता ‘ताजी किंमत’ वाचण्याचा प्रकार: सेन्सरचं स्ट्रक्चर, ६४ बिटांचा टाइमस्टॅम्प. इथे लोक पटकन सीक्वेन्स-काउंटर लावतात. लिहिणारा आधी गणती विषम करतो, लिहितो, मग सम करतो. वाचणारा आधी-नंतर गणती बघतो, जुळली नाही तर पुन्हा वाचतो. लिहिणारा इंटरप्ट आणि वाचणारा टास्क असेल तर उत्तम. दिशा उलटली की घात. खालच्या टास्कने गणती विषम केली आणि वरच्या वाचणाऱ्याने त्याला बाजूला सारलं, तर वाचणारा सम होण्याची वाट बघत कायमचा फिरत राहतो, कारण सम करणारा कधी चालणारच नाही. लिनक्सच्या रिअल-टाइम शाखेला हाच त्रास होता. तिथे वाचणारा संबंधित लॉक क्षणभर धरतो आणि सोडतो, म्हणजे प्रायॉरिटी इनहेरिटन्समुळे (लॉक धरणाऱ्याला थांबलेल्याची प्रायॉरिटी तात्पुरती मिळते त्यामुळे) लिहिणारा पुढे ढकलला जातो. तुमच्याकडे वाचणारा वरचा असेल तर दोन प्रती ठेवा: आधी वाचणाऱ्याला दुसऱ्या प्रतीकडे वळवा, पहिली बदला, मग पहिलीकडे वळवून दुसरी बदला. एका कोअरवर वरचा वाचणारा मध्येच आला तरी त्याला नेहमी एक धड प्रत मिळते. वाचणारा आणि लिहिणारा खरोखर एकाच वेळी चालणार असतील, तर ह्यूगो सिम्पसन यांची १९९० ची चार-खणी पद्धत बघा. चार प्रती, एक लिहिणारा, एक वाचणारा, कुणीच थांबत नाही.

शेड्यूलर? त्याला हात लावू नका. रेडी-बिटमॅप, रांगा, टायमरची यादी आणि चालू टास्क हे सगळं एकदम, एकमेकांशी सुसंगत बदलावं लागतं. एका शब्दाच्या कम्पेअर-अँड-स्वॅपमध्ये ते मावत नाही. कोलंबिया विद्यापीठात मॅसॅलिन आणि पू यांनी १९९१ मध्ये सिंथेसिस नावाचा पूर्ण लॉक-फ्री कर्नल करून दाखवला, पण त्यांच्या हाताशी मोटोरोला ६८०३० ची दोन शब्द एकदम तपासून बदलणारी सूचना होती. तुमच्या एम४ वर ती नाही.

त्याऐवजी शेड्यूलरला एकच दार ठेवा. बेसप्रायखालचे इंटरप्ट कर्नलच्या याद्यांना थेट न शिवता ‘हा सेमाफोर द्या’ अशी चिठ्ठी एका रांगेत टाकतात आणि पेंडएसव्ही (सॉफ्टवेअरनेच लावायचा, मागाहून चालणारा इंटरप्ट) लावतात. पेंडएसव्ही सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीला बसून चिठ्ठ्या उपसतो आणि याद्या बदलतो. ईकॉस या रिअल-टाइम कर्नलमध्ये डीएसआर (इंटरप्टचं पुढे ढकललेलं काम) आहेत, ते याच घराण्यातले. टास्कमधून येणारे कर्नल-कॉलही याच दारातून नेलेत, तर ८ मायक्रोसेकंदांची लांब सेक्शन्स जवळजवळ नाहीशी होतात.

चिठ्ठ्यांच्या रांगेत लिहिणारे अनेक आणि वाचणारा एक. दिमित्री व्यूकॉव्ह यांची जोडसाखळीची रांग इथे चपखल बसते: नवा घटक एका अ‍ॅटॉमिक एक्स्चेंजने शेपटाला लावायचा, मग आधीच्या शेपटाचा दुवा नव्याकडे वळवायचा. मात्र या दोन पावलांच्या मध्ये साखळी तुटलेली असते, रांगेत शिरलात पण पुढच्याच्या खांद्यावर हात अजून ठेवलेला नाही अशी. लिहिणारे फक्त इंटरप्ट असतील तर पेंडएसव्ही त्या फटीत शिरूच शकत नाही, कारण तो सगळ्यांच्या खाली आहे. टास्कही लिहीत असेल तर मात्र पेंडएसव्ही नेमका त्या फटीत येऊ शकतो. तिथे त्याने फिरत बसायचं नाही. आहे तेवढं उपसून परत जायचं. टास्क दुवा जोडून झाल्यावर पेंडएसव्ही पुन्हा लावतो. काटेकोर अर्थाने ही रांग लॉक-फ्री नव्हेच. तुमच्या उतरंडीत ती चालते, एवढंच.

लॉकना मोडीत काढायची घाईही नको. १९९७ मध्ये मार्स पाथफाइंडर मंगळावर वारंवार रीसेट होत होतं ते प्रायॉरिटी इन्व्हर्जनमुळे (खालच्याने धरलेल्या लॉकपायी वरचं काम अडकल्यामुळे), आणि इलाज होता त्यावरच्या व्हीएक्सवर्क्स कर्नलच्या म्युटेक्सवर (लॉकवर) प्रायॉरिटी इनहेरिटन्स चालू करणं. २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत मुख्य लिनक्समध्ये दाखल झालेलं रिअल-टाइम काम बघा: त्याचा कणा म्हणजे स्पिनलॉकच्या (फिरत वाट बघणाऱ्या लॉकच्या) जागी इनहेरिटन्सवाले झोपणारे लॉक.

दोन कोअरच्या बोर्डाबद्दल. वरचा ७ फेऱ्यांचा हिशेब तिथे लागू पडत नाही. पलीकडचा कोअर तुम्हाला बाजूला न सारताच तुमचा प्रयत्न फसवू शकतो, तोही पुन्हा पुन्हा. मर्यादा काढता येते, पण ती पलीकडचे टास्क त्या शब्दाला किती वेळा हात लावतात यावर अवलंबून राहते, आणि ती भराभर फुगते. बियर्न ब्रँडेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावर मोजमापं केली. छोट्या, साध्या वस्तूंसाठी लॉक नसलेल्या पद्धती बऱ्या. मोठ्या किंवा गुंतागुंतीच्या वस्तूंसाठी वेट-फ्री किंवा स्पिन करणारे लॉक बरे, असा त्यांचा कौल होता. तिकीट-लॉकचं (आलेल्या क्रमानेच मिळणाऱ्या लॉकचं) गणित दोन कोअरला तर फारच सोपं आहे: आपल्या कोअरवरचे इंटरप्ट मास्क करून तिकीट घ्या, जास्तीत जास्त पलीकडच्याचं एक क्रिटिकल सेक्शन थांबाल. शेड्यूलरच्या सामायिक भागासाठी मी डोळे झाकून हेच घेईन.

चिप निवडण्याआधी एक गोष्ट मात्र मॅन्युअलमध्ये शोधा. दोन कोअरमध्ये एलडीरेक्स-एसटीरेक्स चालायला सामायिक मेमरीला ग्लोबल मॉनिटर (दोन्ही कोअरच्या नोंदी ठेवणारा) लागतो, आणि मायक्रोकंट्रोलरमध्ये तो असतोच असं धरू नका. आरपी२०४० या चिपमध्ये दोन एम०+ आहेत, तिथे ती सूचनाच नाही. त्याऐवजी ३२ हार्डवेअर स्पिनलॉक दिलेत. रिस्क-व्हीकडे वळणार असाल तर तिथे छोट्या एलआर-एससी (एलडीरेक्स-एसटीरेक्ससारखीच जोडी) वळणांना प्रगतीची हमी आहे, वेळेची नाही. एक लिहिणारा-एक वाचणारा रिंग बफर मात्र या प्रत्येक ठिकाणी जसाच्या तसा जातो, फक्त हेड आणि टेल वेगवेगळ्या कॅश-लाइनवर ठेवा आणि बफर कॅश-सुसंगत किंवा कॅश नसलेल्या मेमरीत आहे याची खात्री करा.

तपासणीबद्दल. बोर्ड रात्रभर चालवून ‘काही झालं नाही’ याला पुरावा समजू नका. या फटी दोन-चार सूचनांच्या असतात. प्रत्येक अल्गोरिदमचं छोटं मॉडेल स्पिन किंवा टीएलए+ या मॉडेल तपासणाऱ्या साधनांत लिहा, दोन लिहिणारे आणि तीन ब्लॉक एवढं पुरतं. एबीए त्यात मिनिटांत सापडतो. प्रत्यक्ष बोर्डावर प्रत्येक वळणात जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा नोंदवत राहा आणि एम४ च्या सायकल-काउंटरने फेरीची लांबी मोजा. नोंदलेला आकडा गणितातल्या मर्यादेपेक्षा एकनेही वर गेला, तर चूक मोजमापात शोधण्याआधी प्रायॉरिटीच्या तक्त्यात शोधा. बहुतेक वेळा एखादा इंटरप्ट तुम्हाला वाटतो त्या पातळीवर बसलेला नसतो.